घाडीकाकांची बिनचूक सूची

चंद्रप्रकाश घाडी यांच्या मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर त्यांच्या बायकोची मरून टिकली चिकटवलेली असते. पुण्याची नात व्हिडिओ कॉल करते तेव्हा तिला आजोबांच्या जागी काळामिट्ट अंधार दिसतो आणि त्या अंधारातून आजोबा विचारतात, "दिसतोय का गं मी?" टिकली काढायला ते विसरतात, लावायला मात्र कधी विसरत नाहीत. दिंडोशीच्या वसाहतीत चौथ्या मजल्यावर बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात बसलेल्या सहासष्ट वर्षांच्या निवृत्त कारकुनाला कोण आणि कशासाठी चोरून पाहणार, हे त्यांनाही सांगता येत नाही. "पण पाहिलंच तर?" एवढंच ते म्हणतात.

कुरिअरचं खोकं आलं की त्यावरचा पत्त्याचा कागद ते मगातल्या पाण्याने भिजवतात, सुरीने खरवडतात, आणि त्याचा पुरता लगदा झाला की मगच खोकं भंगारात जातं. आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची तर तिच्यावर लाल पेनाने आडवं 'फक्त गॅस जोडणीसाठी', खाली तारीख, खाली सही. एकदा हे लिखाण इतकं ऐसपैस झालं की आधारचा नंबरच वाचता येईना आणि गॅसवाल्याने झेरॉक्स परत केली. पासवर्ड दर महिन्याला बदलतात, डायरीत उलटा लिहितात, आणि उलटा लिहिला होता की सुलटा हे विसरतात. बँकेतल्या एका खऱ्याखुऱ्या मुलीने केवायसीची मुदत संपतेय म्हणून फोन केला, तर तिला त्यांनी असं काही झापलं की तिच्या साहेबांनी फोन घेतला. मग साहेबांनाही झापलं. खातं तीन आठवडे बंद राहिलं. त्या तीन आठवड्यांत घाडीकाका भाजीचे पैसे बायकोकडून, म्हणजे वनमालाबाईंकडून, मागून नेत, आणि वनमालाबाई दर वेळी म्हणत, "आधी ओटीपी सांगा."

इथवरचे किस्से घाडीकाका स्वतःच सांगतात. ज्येष्ठ नागरिक संघात, कट्ट्यावर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. त्यांच्यावर हसायला सगळ्यांत आधी तेच सुरुवात करतात. पुढची हकिकत मात्र ते कुणाला सांगत नाहीत. ती ते सकाळी दाढी करताना आरशातल्या माणसाला सांगतात, आणि त्या माणसाला जराही सोडत नाहीत.

घाडीकाकांची चौतीस वर्षं महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात जन्म-मृत्यूच्या नोंदी करण्यात गेली. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं आणि तत्त्व एकच होतं, रकाना रिकामा ठेवायचा नाही. बाळाचं नाव मागाहून लिहिलं तरी चालतं असा नियम आहे. पण नावाचा रकाना मोकळा दिसला की त्यांना दातात काही अडकल्यासारखं व्हायचं. "ठरवलंच असेल की काहीतरी," असं म्हणून ते बापाला खिडकीशी उभं करून ठेवत. बाप बिचारा मागची रांग बघून जे सुचेल ते सांगून टाके. अंधेरी ते बोरिवली या पट्ट्यात आज निदान चार-पाच तरणीताठी माणसं अशी असतील, ज्यांचं नाव आत्याने नव्हे, घाडी कारकुनाने घाईत ठेवलंय.

नोकरी संपली पण खोड संपली नाही, आणि खोडीला मंडळ मिळालं. काकांचं गाव धामणवाडी. धामणवाडी आणि आसपासची चार गावं मिळून मुंबईत पंचक्रोशी मंडळ आहे. गिरणीत राबणाऱ्या वडिलांच्या पिढीने ते काढलं, तेव्हा खोली एक आणि झोपणारे चाळीस. आता ती सगळी घरं कांदिवली, मुलुंड, घाटकोपर, विरार अशी पांगली आहेत आणि गाव उरलंय ते व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. दर काही वर्षांनी मंडळ सदस्य सूची काढतं. कोण कुठे राहतं, कुणाचा मुलगा लग्नाचा आहे, अडीअडचणीला रक्त कुणाचं चालेल, हे सगळं त्या सूचीवरून कळतं. मागच्या सूचीवरून तीन लग्नं जुळली होती आणि तिन्हींचे पेढे घाडीकाकांनी मानाने खाल्ले होते.

यंदा मंडळाला पन्नास वर्षं झाली. सुवर्णमहोत्सवी सूचीचं काम अर्थातच काकांकडे आलं. त्यासाठी ते गोरेगावला क्लास लावून एक्सेल शिकले. ऑनलाइन फॉर्म भरून घ्या असं मंडळाचा तरुण चिटणीस हर्षद म्हणाला, तेव्हा काकांनी त्याला फॉर्ममधून माहिती कशी चोरीला जाते यावर अर्धा तास ऐकवलं. मग त्यांनी स्वतः फोन करून, चार महिने खपून, चारशे बारा घरांची माहिती गोळा केली. नाव, वाडी, पत्ता, मोबाइल, जन्मतारीख, रक्तगट, नोकरीचं ठिकाण, बायकोचं माहेर, मुलं, मुलांच्या शाळा. असे चौदा रकाने, आणि चौदाही भरलेले. ज्या माणसाने खोक्यावरचा एक कागद खरवडायला पाव तास घालवावा, त्याच माणसाने चारशे बारा घरांची कुंडली एका पीडीएफमध्ये मांडून ठेवली. चोराला एवढी मेहनत स्वतः करावी लागली असती तर त्याने धंदा सोडला असता.

वनमालाबाईंनी एकदा विचारलंही, "अहो, माझी जन्मतारीख कशाला त्यात? तुम्हीच म्हणालात ना, ती पासवर्डात ठेवू नये, कुणालाही कळते."

"मंडळातच तर जातंय," काका म्हणाले. "आपलीच माणसं."

एका घराचे तीन रकाने तेवढे राहिले होते. ते घर चेतनाचं. चेतना ही काकांच्या चुलतबहिणीची, कांदिवलीच्या द्रौपदीची मुलगी; नात्याने भाची, पण सगळ्यांसारखी तीही त्यांना काकाच म्हणे. तिचं लग्न शेजारच्या गावच्या विशाल तावडेशी झालेलं, आणि ते मागच्या सूचीवरून जुळलेल्या तिनांतलंच एक. दोन वर्षांपूर्वी विशालने तिचं मनगट मोडलं तेव्हा ती मुलीला, प्रांजलला घेऊन बाहेर पडली. कोर्टाने त्याला तिच्यापासून लांब राहायला सांगितलं होतं, पण तिची खरी राखण करत होती ती एकच गोष्ट. ती कुठे राहते हे त्याला ठाऊक नव्हतं. तिने काकांना मेसेज केला होता: 'काका, नाव राहू द्या. पत्ता, नोकरी आणि प्रांजलची शाळा नको. कारण आईकडून तुम्हाला कळलंच असेल.'

कारण कळलं होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय काकांना कधीच नव्हती.

त्यांनी तिन्ही ठिकाणी आडव्या रेघा मारल्या. पान एक्केचाळीसवर त्या तीन रेघा आणि बाकी सगळा मजकूर. आठ दिवस त्यांनी कळ काढली. येता-जाता ते पान उघडून बघत आणि मिटत. नवव्या दिवशी शाळेच्या रकान्यात त्यांनी 'इयत्ता दुसरी' असं लिहिलं आणि नोकरीच्या रकान्यात 'खासगी', आणि स्वतःच्या चतुराईवर खूश झाले. उरला पत्ता. चेतनाला विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनी द्रौपदीला फोन लावला.

"गो द्रौपदी, चेतनाक सुवर्णमहोत्सवाची पत्रिका पाठवची आसा. पत्तो दी."

द्रौपदी म्हणाली, "तुका म्हणान सांगतंय हां चंदू. दुसऱ्या कोणाक कळाक नको."

"माका काय समजणा नाय?" काका म्हणाले आणि मुलुंडचा पत्ता, बिल्डिंग, मजला, खोली नंबरासकट उतरून घेतला.

पत्रिका त्यांनी खरोखरच पाठवली, स्वतः पोस्टात जाऊन; ती सोहळा उरकल्यावर पोचली ही गोष्ट वेगळी. आपण बहिणीशी खोटं बोललो नाही, एवढं समाधान त्यांना पाहिजे होतं. मग घरी येऊन तिसरी रेघ खोडली आणि पत्ता भरला. त्या दिवशी जेवण अंगाला लागलं.

रविवारी घाटकोपरच्या हॉलमध्ये सोहळा झाला. काकांना शाल-श्रीफळ मिळालं. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "घाडींच्या सूचीत चूक दाखवा आणि माझ्याकडून शंभर रुपये घेऊन जा." लोक हसले, टाळ्या वाजल्या. काकांनी तिथेच खुर्चीत बसून, जाड चष्म्यातून एकेक बटण शोधत, सूची ग्रुपवर टाकली. ग्रुपात सहाशे चाळीस माणसं. 'झकास काका', 'एक नंबर', हात जोडलेली चित्रं, फुलं. घरी येताना रिक्षात ते शाल पांघरूनच बसले. मे महिना होता.

मंगळवारी सकाळी चेतनाचा फोन आला.

"काका, पान एक्केचाळीसवर माझा पत्ता आहे."

"अगं, त्याचं काय झालं..."

"तुम्हाला कुणी दिला? आईने?"

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"विशाल त्या ग्रुपवर आहे, काका," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि काकांना त्याचीच भीती वाटली. "माझ्या मैत्रिणीने मला विचारलं, मुलुंडला कधी गेलीस म्हणून. म्हणजे लोक वाचतायत. त्याने अजून बघितलं नसेल. बघेल. मला दुसरी जागा बघायला तीन आठवडे लागतील, त्याच्या आत सोडता येणार नाही. पोलिसांत सांगितलंय, वॉचमनला सांगितलंय. पण हे तुम्ही लिहिलंय, तर तुम्ही काहीतरी करा. आणि माझं नाव कुठे घेऊ नका. माझ्यासाठी चाललंय हे कळलं की तो तेच पान आधी उघडेल."

 फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी ग्रुप उघडला, सूचीवर बोट दाबून धरलं, आणि समोर आलेल्या दोन पर्यायांतला पहिला दिसेल तो दाबला. सूची नाहीशी झाली. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि वनमालाबाईंना त्यांच्या फोनवर बघायला सांगितलं.

"आहे की इथे," वनमालाबाई म्हणाल्या.

त्यांनी ती फक्त स्वतःच्या फोनवरून काढली होती. सहाशे एकोणचाळीस लोकांकडे सूची शाबूत, आणि जगात ती ज्याला दिसत नव्हती असा एकटाच माणूस म्हणजे ती टाकणारा. शेवटी ग्रुपचा अ‍ॅडमिन असलेल्या हर्षदला विनवून त्याच्याकडून ती ग्रुपवरून काढली. पण बैल गेला अन् झोपा केला. अर्ध्याहून अधिक लोकांनी ती आपापल्या फोनात उतरवून घेतली होती, काहींनी घरच्या ग्रुपवर पुढे पाठवली होती. वर आता लोक विचारू लागले, सूची का काढली? काय गडबड आहे?

काकांनी दोन वेळचं जेवण टाकलं आणि विचार केला. खरं पुसता येत नव्हतं. मग एकच उरलं, खऱ्याला खोटं ठरवायचं. आयुष्यात त्यांनी एकही खोटी नोंद केलेली नव्हती, त्यामुळे ती कशी करतात हेही त्यांना धड माहीत नव्हतं. पण सूचीला शुद्धिपत्र काढता येतं हे माहीत होतं. त्यांनी चेतनाला फोन केला.

"विचारून करतोय," ते म्हणाले. "संगणकात ओळ सरकली, पत्ते चुकले असं सांगतो. तुझ्या नावापुढे माझा पत्ता घालतो. द्वारा चंद्रप्रकाश घाडी, दिंडोशी."

चेतना म्हणाली, "मग तो तुमच्याकडे येईल."

"येऊ दे."

हे दोन शब्द त्यांना स्वतःलाच फार आवडले. ते आणखी दोनदा मनात म्हणून पाहत ते स्वयंपाकघरात गेले आणि वनमालाबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला.

"आणि मला विचारलंत?"

काकांना आधी कळलंच नाही.

"पत्ता माझाही आहे ना? की मी इथे द्वारा राहते?" मग त्याच म्हणाल्या, "करा. पोरीसाठी करा. पण तुमचं हे न विचारता करायचं खूळ कधी जायचं?"

एकच चूक सुधारली तर ती डोळ्यांत भरली असती. म्हणून तेवीस चुका पाहिजे होत्या, आणि सूचीत तर चूक नव्हती. ती नाही याची खात्री करायला काकांनी चार महिने घातले होते. आता ते बसले आणि आपल्याच बिनचूक सूचीत बावीस निरुपद्रवी चुका शोधू लागले. 'दुसरा मजला'ऐवजी 'दुसरा माळा' वाचावे. 'बी विंग'ऐवजी 'ब विंग' वाचावे. एका ठिकाणी स्वल्पविरामच काढला. सतराव्या क्रमांकावर चेतना. वर त्यांनी लिहिलं: 'संगणकावर ओळी सरकल्याने व माझ्या अनवधानाने सूचीत अनेक चुका राहिल्या आहेत. क्षमस्व. चंद्रप्रकाश घाडी.' हे टाइप करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवीसच्या तेवीस लोकांसाठी नव्हे, चेतनासाठीही नव्हे. 'माझ्या अनवधानाने' या शब्दांसाठी. आरशातल्या माणसाला ते हे मुद्दाम सांगतात.

गुरुवारी शुद्धिपत्र ग्रुपवर पडलं आणि तिथे दिवाळी झाली. 'अध्यक्ष, तेवीस गुणिले शंभर काढा.' 'काका, आता आराम करा.' 'एक्सेल म्हणजे काय जन्म-मृत्यूचं रजिस्टर आहे का?' काकांनी प्रत्येकाला हात जोडलेलं चित्र पाठवलं.

शनिवारी अकरा वाजता बेल वाजली. दारात विशाल. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. वाकून पाया पडला. सोफ्यावर बसला. वनमालाबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी चहा ठेवला नाही. त्या घरात पाहुण्याला चहा न मिळण्याची ती पहिलीच वेळ.

"काका, चेतना इथे राहते?"

"नाही. टपाल येतं तिचं इथे."

"मग राहते कुठे?"

"मला माहीत नाही."

"तुम्हाला?" विशाल हसला. "काका, तुम्हाला आमच्या खापरपणजोबांचं नाव माहीत असतं." त्याने मोबाइल पुढे केला. त्यात दोन्ही पानं होती, रविवारचं आणि गुरुवारचं. "इथे मुलुंड, इथे दिंडोशी. कुठलं खरं?"

 काकांनी दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरले. "मुलुंड चुकून पडलं," ते म्हणाले. "ते एका जुन्या सभासदाचं. वारले ते." मृत्यूच्या इतक्या नोंदी केलेल्या माणसाने आज एक माणूस स्वतःच्या हाताने मारला, तोही जन्माला न आलेला.

"कोण सभासद?"

नाव काही सुचेना. अशा वेळी बापांना खिडकीशी काय वाटत असेल ते काकांना कळलं. विशाल वाट बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसती चिकाटी होती. हा माणूस उद्या मुलुंडला जाऊन दार वाजवणार, हे काकांना स्पष्ट दिसलं.

"तुमच्याकडून चूक होत नाही, काका," विशाल म्हणाला. "सगळे म्हणतात तसं. मग ही कशी झाली?"

आणि मग काकांनी जे केलं, त्याची त्यांनी आधी तयारी केलेली नव्हती. त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसले. ते पुसावेच लागत होते.

"मला हल्ली समजत नाही रे," ते म्हणाले. "नाव समोर असतं आणि दुसरंच लिहितो. कुणाचं काय, कुठला पत्ता कुणाचा. काल गॅस चालू ठेवून खाली गेलो. हिला विचार. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे. मंडळात कुणाला सांगू नकोस. तेवीस चुका सापडल्या, त्याहून किती असतील देव जाणे. तुझी जन्मतारीख तरी बरोबर पडली का रे?"

वनमालाबाईंनी दारातूनच पदर डोळ्यांना लावला. त्यांना खरंच रडू आलं होतं, हे काकांना मागाहून कळलं.

विशालने एकदा काकांकडे, एकदा त्या पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्याकडे पाहिलं. आणि त्याने विश्वास ठेवला. काकांना आजही याचंच नवल वाटतं. चौतीस वर्षं ज्या अचूकपणाचं त्यांनी बिरुद मिरवलं, ते उतरायला अर्धं मिनिट पुरलं. म्हाताऱ्याला संगणक समजत नाही, हे पटायला कुणालाच पुरावा लागत नाही. विशाल उठला, त्याने काकांच्या खांद्यावर थोपटलं. "जपा काका," असं म्हणून तो गेला. त्या थोपटण्याची जागा काकांना अजून सापडते.

'मंडळात कुणाला सांगू नकोस' म्हटल्यावर विशालने ते चार दिवसांत सगळ्या मंडळात सांगितलं. पुढच्या बैठकीत अध्यक्षांनी फार मायेने ठराव मांडला की सूचीचं काम यापुढे हर्षदने पाहावं, आणि घाडीकाकांनी मार्गदर्शन करावं. काकांच्या जिभेवर सगळं आलं होतं. त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. बाहेर पडताना एकाने त्यांचा हात धरून त्यांना जिना उतरवलं, आणि काका धडधाकट पायांनी एकेक पायरी हळूहळू उतरले.

तीन आठवडे काकांनी मोजले. विशाल मुलुंडला फिरकला नाही. बाविसाव्या दिवशी एका अनोळखी नंबरावरून फोन आला. असा फोन काका एरवी घेत नाहीत, त्या दिवशी पहिल्या घंटेला घेतला.

"आम्ही जागा बदलली, काका," चेतना म्हणाली. "प्रांजल बरी आहे."

चेतना आभार मानेल, मग आपण काय म्हणायचं, हे काकांनी तीन आठवडे घोळवून ठेवलं होतं. 'अगं, त्यात काय' असं म्हणायचं, आणि ते जरा थकल्या आवाजात. चेतनाने आभार मानले नाहीत.

"पत्ता तुम्ही मला का नाही विचारलात? माझा नंबर होता ना तुमच्याकडे?"

ओळ सरकली, वय झालं, समजत नाही, ही सगळी उत्तरं आता वापरून झाली होती.

"तू नाही म्हणाली असतीस," काका म्हणाले.

"हो," ती म्हणाली.  "नवा पत्ता मी आईलाही दिलेला नाही. तिला तुम्हाला नाही म्हणता येत नाही. कुणालाच येत नाही." आणि तिने फोन ठेवला.

काका त्याच दुपारी कांदिवलीला गेले. चूक तुझी नाही, माझी, एवढं द्रौपदीला सांगायचं, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि ते त्यांनी सांगितलंही. द्रौपदी ऐकून घेत होती की नाही कळत नव्हतं. ती आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. आदल्या रात्रीच तिने नारळाच्या वड्या केल्या होत्या. प्रांजलला तिच्याच हातच्या लागतात.

"माझ्यार रागावलीहा ती," ती म्हणाली. "माका पत्तो सांगणा नाय. तुका म्हायत असतलो. तुका सगळ्यांचे म्हायत असतत. ह्यो एवढो डबो पोचव चंदू. माका नको सांगू हवो तर, तू पोचव."

"माका म्हायत नाय गो," काका म्हणाले.

द्रौपदीने त्यांच्याकडे पाहिलं. तिचा विश्वास बसला नाही, मग बसला. ती डबा मांडीवर धरून बसून राहिली. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होईना.

"मगे तूच खा," ती म्हणाली, आणि झाकण काढून डबा तिने त्यांच्यापुढे ठेवला. नको म्हणायची त्यांची छाती झाली नाही. घाडीकाकांनी वडी उचलली.